दोस्तांची खरी नावं : फरी फँडम, चिमूर आणि तिशी

(हा आमच्या पॉडकास्टच्या ताज्या भागाचा लिखित मजकूर. बोललो तसंच बरंचसं ठेवलंय. मधले "अं… अं…" आणि मागे चाललेला ट्रॅक्टर तेवढा काढलाय.)

आज मी पुण्यातून नाही, चिमूरमधून बोलतोय. घरी आलोय. वरच्या खोलीत बसलोय, पंखा बंद केलाय कारण तो माइकमध्ये फार घरघरतो, त्यामुळे घामाने ओला झालोय. लाइट गेली तर भाग तिथेच संपेल, आधीच सांगून ठेवतो.

काल तान्हा पोळा झाला. विदर्भाबाहेरच्या लोकांसाठी पटकन सांगतो. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्याकडे लहान पोरांचा पोळा असतो. खऱ्या बैलांऐवजी लाकडाचे नंदी. पोरं नंदीला सजवतात, स्वतःही नटतात, कुणी शेतकरी होतं, कुणी शंकर, कुणी शिवाजी महाराज, आणि मग घरोघरी नंदी नेऊन बोजारा घेतात. बोजारा म्हणजे खाऊ किंवा पैसे. माझा भाचा सहा वर्षांचा आहे. त्याच्या नंदीची दोरी काल माझ्या हातात होती, कारण चाक सारखं निघत होतं.

चालता चालता मला आठवलं, मी तेरा वर्षांचा होतो तेव्हा शेजारच्या काकू म्हणाल्या होत्या, "आता तू मोठा झाला रे बाबू, आता लहानायले नेऊ दे." त्या काही वाईट बोलल्या नव्हत्या. पण त्या दिवशी मला पहिल्यांदा कळलं की खेळाला वयाची एक रेघ असते, आणि ती ओलांडली की तुम्ही बाजूला उभं राहून दुसऱ्याची दोरी धरायची.

आज मी एकोणतीस वर्षांचा आहे, सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे, आणि माझ्या पुण्याच्या कपाटात रानकुत्र्याचं एक मोठं केसाळ डोकं आहे. मी फरी आहे. आजचा भाग त्यावर आहे. म्हणजे फरी असण्यावर थोडा, आणि फरी असताना वय वाढण्यावर जास्त.

आधी, फरी म्हणजे काय

ज्यांनी फक्त मीम पाहिलेत त्यांच्यासाठी. माणसासारखे बोलणारे, चालणारे, कपडे घालणारे प्राणी ज्यांना मनापासून आवडतात, जे त्यांची चित्रं काढतात, गोष्टी लिहितात, स्वतःसाठी असं एक प्राणी-पात्र बनवतात, ते फरी. त्या पात्राला फरसोना म्हणतात. कुणाचा कोल्हा, कुणाचा लांडगा, कुणाची मांजर. काही जण त्या पात्राचा अख्खा पोशाख शिवून घेतात, त्याला फरसूट म्हणतात. पण बहुतेकांकडे सूट नसतो. तो महाग असतो; परदेशातून बनवून घ्यायचा तर लाखांत जातो. भारतात तर सूटवाला दिसला की आम्हीच त्याच्याबरोबर फोटो काढतो.

आम्ही स्वतःला प्राणी समजत नाही. मी सकाळी उठून भाकरीच खातो. पंचतंत्रातल्या कोल्ह्याला तुम्ही लहानपणी जितकं खरं मानलं होतं, तितकंच हे खरं आहे. फरक इतकाच की आम्ही मोठं झाल्यावर ते सोडलं नाही.

हे सगळं इंटरनेटवर सुरू झालं असं अनेकांना वाटतं, तसं नाही. अमेरिकेत १९८० च्या दशकात विज्ञानकथांच्या संमेलनांत, हॉटेलच्या एखाद्या खोलीत, प्राणी-पात्रं आवडणारे लोक जमायचे. त्यातून जानेवारी १९८९ मध्ये कॅलिफोर्नियातल्या कोस्टा मेसा इथे पहिलं स्वतंत्र संमेलन झालं, कॉन्फरन्स झिरो. किती लोक होते? ६५. आमच्या गल्लीतल्या एखाद्या बारशाला त्याहून जास्त असतात. आज पिट्सबर्गमधल्या अँथ्रोकॉनला दहा हजारांहून जास्त लोक येतात.

त्या ६५ मधले लोक आज कुठे आहेत, हा प्रश्न मला अलीकडे पडायला लागला. ते म्हातारे झाले. इंग्रजीत फँडममध्ये त्यांना 'ग्रेमझल' म्हणतात. म्हाताऱ्या कुत्र्याचं तोंड पांढरं होतं ना, तसे पांढऱ्या तोंडाचे. ते संमेलन सुरू करणाऱ्यांपैकी मार्क मर्लिनो २०२४ मध्ये वारले. फ्रेड पॅटन नावाचे एक गृहस्थ होते, १९४० चा जन्म. फरी फँडमचा इतिहास त्यांनी लिहून ठेवला. २००५ मध्ये त्यांना पक्षाघात झाला, तरी ते लिहीत राहिले, २०१८ मध्ये जाईपर्यंत. म्हणजे या खेळात माणूस सत्तरी ओलांडू शकतो. इथे कुणी काकू येऊन "आता तू मोठा झाला" म्हणत नाही.

म्हणत नाही, पण मोठं तर व्हायला होतंच.

जिओ, हॉस्टेल आणि सारसबाग

मी यात आलो २०१६ मध्ये. नागपूरला बीटेकच्या तिसऱ्या वर्षाला होतो. त्याच वर्षी झूटोपिया आला आणि त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये जिओ आलं. तोवर हॉस्टेलमध्ये एक जीबी महिनाभर पुरवून वापरायचो. मग एकदम फुकट नेट. बाकीची पोरं रात्रभर वेब सिरीज बघायची आणि मी लांडग्यांची चित्रं शोधायचो. शोधता शोधता एका टेलिग्राम ग्रुपवर पोचलो. सगळे भारतातले. कुणी कोची, कुणी इंदूर, कुणी ठाणे. नाव कुणी विचारलं नाही. पहिला प्रश्न आला, "तू कोण?" म्हणजे कोणता प्राणी.

इथे चिमूरची एक गोष्ट सांगायला हवी. सगळ्यांना वाटलं मी वाघ घेणार. ताडोब्याचं कोलारा गेट आमच्याच तालुक्यात आहे. पण पुण्या-मुंबईत वाघ म्हणजे टी-शर्टवरचा. आमच्याकडे मोहफुलं वेचायला, तेंदूपत्ता तोडायला गेलेलं माणूस संध्याकाळी परत येत नाही, तेव्हा गावात जी शांतता होते ती मी ऐकली आहे. वाघ मला आवडतो, पण त्याचं सोंग घ्यायचं मन झालं नाही. म्हणून मी रानकुत्रा घेतला. तांबूस अंग, झुपकेदार काळं शेपूट, शिट्टी मारल्यासारखा आवाज, आणि कायम कळपात. हॉस्टेलमध्ये एकटा पडलेल्या पोराला कळप आवडणारच ना.

२०१८ मध्ये पुण्यात नोकरी लागली आणि पहिली प्रत्यक्ष भेट झाली. सारसबागेत. आलो होतो चौघं. एकाने बॅगेत शेपूट आणलं होतं, ते त्याने शेवटपर्यंत बाहेर काढलंच नाही. आम्ही बाकड्यावर बसून एकमेकांच्या वहीत चित्रं काढली, मग भेळ खाल्ली, मग मिसळ खाल्ली. बस, एवढंच. पण त्या रात्री रूमवर येऊन मला जी झोप लागली, तशी नोकरी लागल्यापासून लागली नव्हती.

आमच्यात सगळ्यात मोठा होता तो अस्वल. म्हणजे त्याचं पात्र अस्वल. तेव्हा त्याचं वय अडतीस. आम्ही त्याला अस्वलदादा म्हणायचो. फोमचं डोकं कसं बनवायचं ते त्यानेच शिकवलं. गादीवाल्याकडचा फोम आणायचा, तुकडे कापायचे, हॉट ग्लूने चिकटवत जबडा उभा करायचा, वरून फर, आणि डोळ्यांच्या जागी जाळी. त्या जाळीतूनच बघायचं. माझं डोकं तयार व्हायला चार महिने लागले. दोनदा जबडा वाकडा झाला. बोटांवर ग्लूचे डाग अजून आहेत.

ते डोकं घातलं की काय होतं सांगतो. समोरचं थोडंसं दिसतं, बाजूचं काहीच नाही. ऐकू कमी येतं. आत भट्टी असते. आणि ते डोकं घालून मे महिन्यात चंद्रपूर जिल्ह्यात यायचा विचारही करू नका, पारा ४७ च्या पुढे जातो. म्हणून सूट घालणाऱ्याबरोबर एक माणूस लागतो. त्याला हँडलर म्हणतात. पायरी आली की तो हात धरतो, पोरं शेपूट ओढायला लागली की त्यांना समजावतो, दर थोड्या वेळाने पाणी देतो. आणि मोठ्या संमेलनांत एक वेगळी खोली ठेवतात, हेडलेस लाउंज. तिथे मोठमोठे पंखे असतात, पाणी असतं. तिथे डोकं काढून बसायचं. त्या खोलीत फोटो काढायचा नाही, हा नियम.

हे दोन शब्द लक्षात ठेवा, हँडलर आणि हेडलेस लाउंज. पुढे लागतील.

अस्वल गायब झालं तेव्हा

एप्रिल २०२१. दुसरी लाट. तुम्हाला ते दिवस आठवत असतील, आठवावेसे वाटत नसतील. आमचा ग्रुप तेव्हा फार चालायचा. सगळे घरात अडकलेले. रोज रात्री दहाला व्हॉइस कॉल, कुणी चित्र काढतंय, कुणी स्वयंपाक करतंय, कुणी नुसतं गप्प बसलंय.

अस्वलदादा एका रात्री म्हणाला, "जरा कणकण आहे." दुसऱ्या दिवशी आला नाही. तिसऱ्या दिवशी मेसेजवर एकच टिक. पाचव्या दिवशी आम्ही घाबरलो.

आणि मंडळी, तेव्हा आम्हाला एक गोष्ट कळली. या माणसाला आम्ही तीन वर्षं ओळखत होतो. त्याच्या आईचं गुडघ्याचं दुखणं माहीत होतं, त्याला कारलं आवडतं हे माहीत होतं, कॉलेजात त्याचं प्रेम कसं फसलं ते माहीत होतं. त्याच्या अस्वलाच्या डाव्या कानाला किती टाके आहेत हेसुद्धा माहीत होतं. पण त्याचं नाव आमच्यापैकी एकालाही माहीत नव्हतं.

नाव नाही. पत्ता नाही. फोन नंबर नाही, कारण टेलिग्रामवर तो लपवलेला. हॉस्पिटलला फोन करून विचारायचं काय? "तुमच्याकडे अस्वल ॲडमिट आहे का?"

मी इंजिनिअर आहे ना. माझ्या कामात एखादा सर्व्हर बंद पडला तर कुणाला उठवायचं त्याची यादी असते, पहिला नंबर लागला नाही तर दुसरा, दुसरा नाही तर तिसरा. मशीनसाठी आम्ही एवढं करतो. माणसासाठी आमच्याकडे काहीच नव्हतं.

शेवटी आमच्यातल्या मुंगसाला आठवलं की दादाने तिला वर्षभरापूर्वी स्टिकर कुरियरने पाठवले होते. तिने ते पाकीट ठेवलं होतं, कारण त्यावर त्याने छोटं अस्वल काढलं होतं. पाकिटाच्या मागे पाठवणाऱ्याचं नाव आणि पत्ता. अशा रीतीने तीन वर्षांनी आम्हाला आमच्या मित्राचं नाव कळलं. मी ते इथे सांगणार नाही. अगदी साधं, आपल्या वर्गात तीन जणांचं असतं तसं नाव.

त्या पत्त्यावरून घरमालकाचा नंबर काढला. ते म्हणाले, आठ दिवसांपूर्वी ॲम्ब्युलन्स आली होती, पुढचं माहीत नाही. अजून दोन दिवस फोन केल्यावर तो सापडला. ऑक्सिजनवर होता. वाचला. अकरा दिवसांनी घरी आला.

बरा झाल्यावर तो कॉलवर आला तेव्हा त्याने जे सांगितलं ते माझ्या डोक्यातून जात नाही. दाखल करताना फॉर्मवर रकाना होता, जवळच्या नातेवाइकाचं नाव आणि फोन. आई गावाकडे, तिला घाबरवायचं नव्हतं. ऑफिसमधल्या कुणाचं नाव द्यावंसं वाटेना. "मग तुम्ही आठवलात," तो म्हणाला, "पण लिहू काय? मुंगूस? रानकुत्रा? नातं काय लिहू?" त्याने तो रकाना मोकळा ठेवला.

आम्ही सगळे म्यूट करून बसलो होतो. बराच वेळ कुणी काही बोललं नाही.

मग आम्ही काय केलं

सोपं उत्तर होतं की सगळ्यांनी सगळ्यांना खरं नाव, पत्ता, नंबर द्यायचा. पण ते बरोबर नव्हतं, आणि का ते समजून घ्या. आमच्यातल्या काहींसाठी हा ग्रुप ही एकच जागा आहे जिथे ते मोकळे असतात. जगभरात जी सर्वेक्षणं झाली आहेत त्यांत फरींमध्ये समलिंगी, उभयलिंगी, ट्रान्स लोकांचं प्रमाण बाहेरच्यापेक्षा बरंच जास्त दिसतं. आमच्याही ग्रुपमध्ये तसे दोस्त आहेत. ३७७ कलमाचा निकाल ६ सप्टेंबर २०१८ ला लागला, त्या रात्री एका दोस्ताने आम्हाला आधी सांगितलं. घरी त्याने अजून सांगितलेलं नाही. त्याच्या घरचा नंबर वीस जणांकडे असणं म्हणजे त्याच्या डोक्यावर टांगती तलवार.

म्हणून आम्ही एक पद्धत काढली. प्रत्येकाने फक्त एक माणूस निवडायचा. त्याला आपलं खरं नाव, पत्ता, रक्तगट, कुठलं औषध चालू असेल तर ते, आणि घरातल्या एकाचा नंबर द्यायचा. आणि हेही सांगायचं की त्या घरच्या माणसाला फोन केला तर स्वतःची ओळख काय द्यायची. "ऑफिसमधला मित्र" की "चित्रकलेच्या क्लासमधली मैत्रीण". तीन दिवस काही पत्ता लागला नाही तर त्या एका माणसाने हालचाल करायची. ग्रुपवर काही टाकायचं नाही. आम्ही त्याला अर्थातच हँडलर म्हणायला लागलो.

हे ऐकायला कोरडं वाटेल, एचआरचा फॉर्म वाटेल. पण ज्या दिवशी मी माझ्या हँडलरला माझं पूर्ण नाव, वडिलांचं नाव, आडनावासकट टाइप करून पाठवलं, त्या दिवशी माझा हात थांबला होता. पाच वर्षं त्याच्यासाठी मी रानकुत्रा होतो आणि ते मला छान जमत होतं. आता तो मला चिमूरचा एक मुलगा म्हणून बघणार. त्याने उत्तर दिलं, "अरे, माझ्या मामाचं नाव पण हेच आहे." संपलं. एवढ्याला मी घाबरलो होतो.

तिशी जवळ येते तेव्हा

यानंतर सगळं छान झालं असं सांगितलं तर खोटं होईल. २०२३ मध्ये मीच ग्रुप सहा महिने म्यूट करून ठेवला होता.

कारण वय. ऐकायला हसू येईल, पण या फँडममध्ये बहुतेक लोक विशी-पंचविशीच्या आतले असतात. सत्तावीस म्हणजे काका. नवीन पोरं आली. त्यांच्याकडे आयपॅड, मस्त चित्रं काढतात, रात्री तीनपर्यंत जागतात, आणि दर पंधरा दिवसांनी काहीतरी भांडण. मला सकाळी नऊला मीटिंग. पाठ दुखते. एकाने मला "अंकल, तुम्ही फोमवाल्या जमान्यातले ना?" असं विचारलं. आता थ्रीडी प्रिंटरने डोक्याचा साचा निघतो.

आणि माझे जुने दोस्त पांगत होते. एकाचं लग्न झालं, बायकोला माहीत आहे, ती हसते, पण रविवारी त्याला सासरी जायचं असतं. मुंगूस बंगळूरला गेली. अस्वलदादा आईसाठी गावाकडे परतला, तिथे रेंज धड नाही. मी ग्रुप उघडायचो तेव्हा ओळखीचा एकही कान दिसायचा नाही.

मला वाटलं, झालं. रेघ आली. आता बाजूला उभं राहायचं.

परत कसा आलो? एका सतरा वर्षांच्या पोरामुळे. तो वय लपवून मोठ्यांच्या ग्रुपमध्ये आला होता. त्याने मला वेगळा मेसेज केला, "दादा, एक जण मला एकटं भेटायला बोलावतोय, जाऊ का?" मी म्हटलं, नाही. मग दोन तास बोललो. त्याला मोठ्यांच्या ग्रुपमधून काढलं, त्याच्या वयाच्या पोरांसाठी वेगळा ग्रुप केला, तिथे आमच्यातले तिघं लक्ष ठेवायला, एकट्यात मेसेज बंद, भेटायचं तर उघड्या जागी, दिवसा, आणि घरी सांगून. बोलावणाऱ्याला काढून टाकलं आणि दुसऱ्या ग्रुपच्या लोकांनाही सावध केलं.

तेव्हा कळलं की जुन्या माणसांचं इथे एक काम असतं. रानकुत्र्यांच्या कळपात शिकार झाली की पिल्लांना आधी खाऊ देतात, आणि मोठे आजूबाजूला उभे राहून पहारा देतात. मी हे पात्र घेतलं तेव्हा मला हे माहीत नव्हतं, नंतर वाचलं. दोरी धरणारा माणूसही पोळ्यातच असतो.

आईचा प्रश्न

आता शेवटची गोष्ट, आणि हीच सांगायला मी आज माइक लावला.

गेल्या जानेवारीत माझे तीन फरी दोस्त चिमूरला आले. चिमूरला रेल्वे नाही, त्यामुळे नागपूरहून एसटीने उमरेड, भिसी करत. एक दिवस कोलाऱ्यातून जंगल, आणि एक रात्र नाटक. झाडीपट्टीचा हंगाम होता. माहीत नसेल तर सांगतो. चंद्रपूर, गडचिरोली, भंडारा, गोंदिया या पट्ट्यात दिवाळीपासून होळीपर्यंत गावोगाव रात्रभर नाटकं चालतात. मंडळ्यांची कार्यालयं वडसा म्हणजे देसाईगंजला. नाटक रात्री उशिरा सुरू होतं आणि पहाटे संपतं. गावात नाटक असलं की घरोघरी पाहुणे, चुलीवर मोठं पातेलं, आणि सोयरिकीसुद्धा तिथेच जुळतात. या रंगभूमीवरच्या परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली. पाच हजारांवर प्रयोग, आठशेच्या वर भूमिका. आठशे सोंगं! आमच्याकडे एकेक फरसोना असतो तर आम्ही किती मिरवतो.

तर हे तिघं घरी आले आणि पहिल्याच तासात घोटाळा. सवयीने एक जण ओरडला, "अरे रानकुत्र्या, चार्जर दे." आई पोळ्या लाटत होती. तिने लाटणं थांबवलं. मग माझ्या तोंडून "मांजरा, थांब" निघालं. आईने आम्हा चौघांकडे आळीपाळीने पाहिलं आणि विचारलं, "काहून रे, तुमाले एकमेकाची नावं येत नाही का?"

मग सांगावंच लागलं. एका दोस्ताने बॅगेतून माझं डोकं काढलं, मीच आणायला सांगितलं होतं, फोटो काढायचे होते. आईने ते हातात घेतलं. कान ओढून बघितले. शिवण बघितली. म्हणाली, "हा तं कोळसुंदा होय." आमच्या जुन्या लोकांत रानकुत्र्याला कोळसुंदा म्हणतात. मग म्हणाली, "शिवन कच्ची आहे. मले देला असता तं नीट टाके घातले असते."

मी विचारलं, "आई, तुला विचित्र नाही वाटत?"

ती म्हणाली, "सोंगच तं होय." आणि मग तिने तिच्या माहेरची गोष्ट सांगितली. तिच्या लहानपणी गावातला एक माणूस दरवर्षी नाटकात शकुनी व्हायचा. इतकी वर्षं केलं की अख्खं गाव त्याला शकुनीच म्हणायचं. पोरांना त्याचं खरं नाव माहीत नव्हतं. "पन तो आजारी पडला," आई म्हणाली, "तं डबा कोनाच्या घरून जाते, रात्री कोन झोपाले जाते, हे सगळ्यायले माहीत होतं. नाव नसन माहीत तं चालते बाबू. घर माहीत पाहिजे."

माझे तिघं दोस्त गप्प बसून पोळी खात होते. त्यातला एक तोच, ज्याच्या घरी अजून काही माहीत नाही. त्याने जाताना आईकडून आमच्या घरचा नंबर मागून घेतला. आता तो महिन्यातून एकदा आईला फोन करतो. काय बोलतात मला माहीत नाही, मी विचारत नाही. आई त्याला मांजरच म्हणते.

त्या रात्री आम्ही नाटकाला गेलो. पहाटे चारच्या सुमारास, थंडीत, घोंगडं पांघरून, पडद्यामागे जाऊन आलो. राजा झालेला नट मुकुट काढून बाजूला ठेवून चहा पीत बसला होता, अंगावर राजाचा झगा, कमरेला तलवार, आणि टक्कल उघडं. गावातला एक म्हातारा त्याच्याशी धानाच्या भावावर बोलत होता. मांजर माझ्या कानात म्हणालं, "हेडलेस लाउंज." आम्ही फोटो काढला नाही.

तर मंडळी, एवढंच सांगायचं होतं. तुम्ही फरी असाल, नसाल. तुमचा ग्रुप बीजीएमआयचा असेल, के-पॉपचा असेल, फँटसी क्रिकेटचा असेल. तुम्ही एकमेकांना टोपणनावाने हाक मारत असाल तर मारा, त्यात काही कमी नाही. पण ग्रुपमधल्या एका तरी माणसाला तुमचं घर माहीत असू द्या. आणि एका तरी माणसाचं घर तुम्हाला माहीत असू द्या. आज रात्री एकाला विचारा, "तू गायब झालास तर मी फोन कुणाला करू?" विचारायला अवघड वाटेल. विचारा तरी.

अस्वलदादा आता चव्वेचाळीस ओलांडून गेलाय. तोंड खरंच पांढरं व्हायला लागलंय, दाढी. गेल्या महिन्यात त्याचं दाताचं छोटं ऑपरेशन होतं. फॉर्मवर तोच रकाना आला. त्याने माझं नाव लिहिलं, आडनावासकट. नात्याच्या जागी लिहिलं, "मित्र".

फोटो पाठवला मला त्याचा. माझ्या नावाचं स्पेलिंग चुकलं होतं.

चला, लाइट टिकली, नशीब. खाली भाचा नंदीचं चाक घेऊन उभा आहे, परत निघालंय. पाणी पीत राहा, सूट घालत असाल तर जास्त प्या. पुढच्या भागात भेटू.